एम्बॉसिंग पावडरच्या मेणचित्रात पावसाळ्यात येणारे फोड, धुके आणि पापुद्रे: कारणे व उपाय

मेणचित्राचा भास आणण्यासाठी चित्रावर एम्बॉसिंग पावडर, म्हणजे उष्णतेने वितळणारी राळेची पूड, पसरून ती हीट गनच्या गरम हवेने वितळवतात. एप्रिल-मे महिन्यांत नितळ उतरणारा तिचा पारदर्शक थर जूनच्या मध्यानंतर त्याच टेबलावर, त्याच हीट गनखाली आणि त्याच डबीतल्या पावडरीने फसफसू लागतो, ही तक्रार गोव्यात मिश्र माध्यमात काम करणाऱ्यांकडून दर पावसाळ्यात ऐकू येते. थरात बारीक फोड येतात, ते फुटून खड्डे पडतात, खालचे चित्र दुधाळ धुक्याआड जाते आणि कधी कधी थंड झालेला थर अख्खाच्या अख्खा सुटून हातात येतो. यावर बहुतेकांना सुचणारा पहिला उपाय नवी पावडर मागवण्याचा असतो आणि दुसरा नवी गन घेण्याचा. दोन्ही खर्चिक आहेत आणि माझ्या मते बहुतेक वेळा अनाठायी आहेत. दोष असतो तो पावडरीच्या खाली, कागदात आणि रंगाच्या थरात मुरलेल्या पाण्याचा. ते बाहेर काढल्याशिवाय वर कितीही महागडी पावडर ओतली तरी फोड येतच राहतात.

आपल्याला नेमके काय साधायचे आहे, हे आधी स्पष्ट असले म्हणजे दोष ओळखणे सोपे जाते. खऱ्या मेणचित्रात मधमाश्यांचे मेण आणि डामर ही झाडापासून मिळणारी राळ एकत्र वितळवून त्यात रंगद्रव्य मिसळतात, ते गरम असतानाच लाकडी फळीवर लावतात आणि प्रत्येक नवा थर पुन्हा उष्णता देऊन खालच्या थराशी एकजीव करतात. इजिप्तमधील फयूम परिसरात सापडलेल्या, इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतील व्यक्तिचित्रांपैकी अनेक चित्रे याच पद्धतीने काढलेली आहेत. विसाव्या शतकात अमेरिकी चित्रकार जॅस्पर जॉन्स यांनी १९५४-५५ मध्ये केलेल्या अमेरिकी ध्वजाच्या चित्रात मेणाखालून वर्तमानपत्राचे कपटे दिसतात, आणि मिश्र माध्यमात काम करणाऱ्यांना पावडरीतून हवी असते ती हीच खोली. खालचे दिसावे, पण थेट दिसू नये; जुन्या गोमंतकीय घरांतील शिंपल्यांच्या खिडकीतून बाहेरचे झाड जसे जाणवते, तितपतच ते दिसावे.

मात्र मेण आणि पावडर यांच्यात एक मूलभूत फरक आहे आणि पावसाळ्यातील सगळी मेख तेथेच आहे. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे खालच्या कागदातील पाणी उकळण्याची वेळ येण्यापूर्वीच मेणाचा थर बसूनही जातो. एम्बॉसिंग पावडर म्हणजे प्लॅस्टिकसारख्या राळेचे बारीक कण. ते पूर्ण वितळून सपाट व्हायला १०० अंशांच्या बरेच वर जावे लागते, आणि गनच्या तोंडातून निघणारी हवा तर सुमारे ३०० अंशांची असते. पावडर वितळते त्याच क्षणी खालचे पाणी वाफ होऊन वर यायला पाहते आणि वर वितळलेल्या राळेचे झाकण बसलेले असते. ए४ आकाराचा ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा) कागद साधारण १९ ग्रॅम वजनाचा असतो. हवेतील आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर रेंगाळते, तेव्हा तो कोरड्या ऋतूपेक्षा एखादा ग्रॅम पाणी सहज जास्त धरून ठेवतो, आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ सुमारे १.७ लिटर जागा व्यापते. हाताला पूर्ण कोरडा वाटणारा कागद एवढा का फसफसतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

हे खरे आहे की नाही, याची खातरजमा करायला कोणतेही विशेष साधन लागत नाही. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा घ्यावा, त्यावर चिमूटभर पावडर पसरावी, कडा उडू नयेत म्हणून दुमडाव्यात आणि नेहमीच्याच गनने ती खालून गरम करावी. फॉइलमध्ये पाणी मुरत नाही; त्यामुळे तेथे थर स्वच्छ व पारदर्शक आला आणि कागदावर मात्र फोड आले, तर पावडर आणि गन दोन्ही निर्दोष ठरतात. फॉइलवरही फोड किंवा गढूळपणा दिसला, तर पावडरीतच काहीतरी मिसळलेले आहे, असे समजावे. सांडलेली पावडर झटकून पुन्हा डबीत भरताना तिच्याबरोबर कागदाचे तंतू, चमकी आणि दुसऱ्या रंगाचे कण आत जातात, हे त्याचे नेहमीचे कारण असते. एक दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा घरात असल्यास कागद इस्त्रीखाली सुकवण्यापूर्वी आणि सुकवल्यावर तोलून पाहावा. आकड्यांतील फरक पाहिल्यावर मग दुसऱ्या कोणी पटवून देण्याची गरज उरत नाही.

कागद सुकवण्याची सर्वांत सोयीची पद्धत इस्त्रीचीच आहे. दोन स्वच्छ सुती फडक्यांमध्ये कागद ठेवून, वाफेची सोय बंद करून, मध्यम उष्णतेवर दोन्ही बाजूंनी सावकाश इस्त्री फिरवावी; फडके दमट लागू लागले की बदलावे. येथे एक गोष्ट लोक विसरतात. सुकवलेला कागद उघड्यावर ठेवला की तो थोड्याच वेळात पुन्हा हवेतील ओलावा ओढू लागतो. म्हणून सकाळी कागद सुकवून संध्याकाळी काम करण्यात काहीच हशील नाही. इस्त्रीखालून निघालेला कागद लगेच वापरावा किंवा सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले, म्हणजे त्यांची क्षमता संपलेली असते; ते तसेच महिनोन्महिने डब्यात पडून राहिले तर त्यांचा उपयोग शून्य. ओव्हनमध्ये सुमारे ११०-१२० अंशांवर ते तापवले की पुन्हा निळे होतात, मात्र तो ट्रे नंतर खाण्याच्या पदार्थांसाठी वापरू नये.

कागदापेक्षाही दगा देणारा घटक म्हणजे ॲक्रिलिक. पार्श्वभूमीला लावलेला जेसो (रंगाआधीचा पांढरा अस्तर-लेप), त्यावरचे रंग आणि चिकटचित्रासाठी (कोलाजसाठी) वापरलेले जेल मीडियम (ॲक्रिलिकचा दाट लेप) हे सगळे पाण्यात मिसळलेले असतात. त्यांचा पृष्ठभाग आधी सुकतो आणि आतले पाणी त्याखाली अडकून राहते. जाड लावलेले जेल मीडियम उन्हाळ्यातही आतपर्यंत सुकायला काही दिवस घेते. जुलैमध्ये, विशेषतः चिऱ्याच्या भिंतींच्या बंद खोलीत, त्याहून बराच अधिक काळ जातो. बोट लावून हे कळत नाही. हाताची मागची बाजू किंवा गाल रंगावर टेकवून पाहावे. जागा आजूबाजूच्या कोरड्या लाकडापेक्षा गार लागली, तर आतून पाण्याचे बाष्पीभवन अजून चालू आहे. शिवाय ॲक्रिलिकला एकाच जागी फार उष्णता दिली तर ते स्वतःच मऊ होऊन फुगते. म्हणून पावसाळ्यात पावडरीखालचे काम शक्यतो ॲक्रिलिकच्या पातळ थरांत, सुक्या पेस्टलमध्ये किंवा पेन्सिलीत करावे आणि जाड पोताची हौस ऑक्टोबरनंतर भागवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणाला हे फार कडक वाटेल, पण जाड जेलवर फोड न आणता पावडर वितळवण्याचा भरवशाचा मार्ग मला तरी जुलैत दिसलेला नाही.

पावडर कागदाला धरावी म्हणून आधी लावायची एम्बॉसिंगची शाई हाही ओलावाच आहे, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. ही शाई लवकर सुकू नये म्हणून तिच्यात ग्लिसरीनच्या जातीची द्रव्ये असतात आणि ती हवेतील पाणी ओढून घेतात. शिक्का उठवताना शाई रेषेपुरतीच लागते, म्हणून तेथे त्रास होत नाही. मेणचित्राचा भास आणण्यासाठी मात्र आपण पूर्ण पान शाईने माखतो आणि पॅड थेट कागदावर घासल्यामुळे ती गरजेपेक्षा कितीतरी जास्त लागते. त्याऐवजी स्पंजच्या तुकड्यावर शाई घेऊन, आधी रद्दी कागदावर एकदा टिपून, मग हलक्या हाताने थापावी. दुसऱ्या थरापासून तर शाईची गरजच नसते. पहिला थर वितळून अजून चकाकत असतानाच त्यावर चिमटीने पावडर भुरभुरावी. ती आपोआप धरते, आणि गन पुन्हा फिरवली की दोन्ही थर एकजीव होतात. प्रत्येक थरामागे शाई लावण्याची सवय सोडली, की निम्मे फोड तेथेच कमी होतात.

उष्णता कोठून द्यावी, हा पुढचा मुद्दा. वरून गन धरली की वरचे कण आधी वितळतात, त्यांची साय धरते आणि वाफ आत कोंडते. कागद तारेच्या जाळीवर ठेवून उष्णता आधी खालून दिली, तर ओलावा न वितळलेल्या कणांमधील फटींतून निघून जातो आणि पावडर तळापासून वितळत वर येते. खालून गरम करताना एक क्षण असा येतो की साखरेसारखी दाणेदार दिसणारी पावडर कडेने काळपट ओलसर दिसू लागते आणि मग तो ओलसरपणा मध्याकडे सरकत जातो. तो दिसेपर्यंत गन वर आणायची नाही. त्यानंतर वरून एकच सावकाश हात फिरवला की पृष्ठभाग सपाट होतो. केस सुकवण्याच्या ड्रायरने हे काम होत नाही, कारण त्याची हवा पुरेशी गरम नसते आणि जोर मात्र पावडर उडवण्याइतका असतो. हार्डवेअरच्या दुकानातील रंग खरवडण्याची गन याच्या उलट फार तापते. ती वापरायचीच असेल तर सर्वांत कमी उष्णतेवर आणि वीतभर अंतरावरून वापरावी.

पावसाळ्यात विजेचा दाब कमी झाला, तर त्याचाही परिणाम येथे होतो. तापणाऱ्या तारेची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर ती जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होते. पावडर वितळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर गन बिघडली असे मानण्यापूर्वी दिवे मंद झाले आहेत का, ते पाहावे.

आता धुक्याविषयी. थर दुधाळ दिसण्याची कारणे एकाहून अधिक आहेत आणि त्यांचे उपाय परस्परविरुद्ध असल्यामुळे ती ओळखण्यात घाई करून चालत नाही. चित्र खिडकीशी नेऊन तिरपे धरावे आणि शक्य असल्यास भिंगातून पाहावे. संत्र्याच्या सालीसारखा उंचसखल पृष्ठभाग व त्यात सुटे कण दिसले, तर पावडर अर्धवट वितळलेली आहे आणि तिला आणखी उष्णता हवी आहे. गोल, तळाशी चकाकणारे बुडबुडे दिसले तर ती वाफ आहे. पृष्ठभाग सपाट असून आत अतिशय बारीक पांढरी धूळ तरंगताना दिसली, तर बारीक कणांची पावडर एकदम जाड टाकली गेली आहे आणि कणांमधील हवा आत अडकली आहे. अशा वेळी एका जाड थराऐवजी तीन-चार पातळ थर द्यावेत, किंवा खोलीसाठी मुद्दाम बनवलेली भरड दाण्यांची पावडर घ्यावी, कारण भरड दाण्यांमधील हवा सहज निसटते.

धुक्याचे आणखी एक कारण आपणच हौसेने लावलेले असते, ते म्हणजे पावडर नको तेथे चिकटू नये म्हणून कागदावर फिरवली जाणारी पांढऱ्या चूर्णाची पुरचुंडी. ती स्थिर विद्युतभार घालवण्यासाठी असते, आणि स्थिर विद्युतभार हा कोरड्या हवेचा रोग आहे. गोव्यातील जुलैच्या हवेत तो टिकतच नाही. पावसाळ्यात पावडर नको तेथे चिकटते ती पृष्ठभाग दमट किंवा अर्धओला असल्यामुळे, त्यामुळे पुरचुंडीने मूळ कारण दूर होत नाही आणि शिवाय तिचे पांढरे चूर्ण पारदर्शक थराखाली कायमचे कोंडले जाते. गडद रंगावर ते फार उठून दिसते. शिक्क्याच्या कामात तिचा उपयोग असेल, पूर्ण पानाच्या थरासाठी ती वापरू नये.

उष्णता जास्त झाल्याचे लक्षण याच्या अगदी उलट असते. थर चपटा व तेलकट दिसतो, उठाव जातो आणि कागद उलटून पाहिल्यास मागे भज्यांच्या कागदावर पडतो तसला डाग दिसतो. वितळलेली राळ कागदात जिरलेली असते. हे परत आणता येत नाही, परंतु त्यावर आणखी दोन थर चढवता येतात आणि जिरलेल्या राळेमुळे कागद आता बंद झालेला असल्याने नवे थर बहुधा छान बसतात. थर पिवळसर झाला असेल, तर मात्र तो रंग चित्राचा भाग म्हणून स्वीकारणे किंवा तो तुकडा बाजूला ठेवणे, एवढेच हाती उरते.

चिकटचित्रात आत ठेवायच्या वस्तूंबाबतही काळजी घ्यावी. ताजे पान किंवा फूल ठेवले की वाफ होणारच. पाने जाड पुस्तकात दाबून पूर्ण कुरकुरीत झालेली असावीत. बसमध्ये मशीनमधून निघणारे तिकीट किंवा दुकानाचे गुळगुळीत बिल आठवण म्हणून लावण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो उष्णतेने उमटणारा कागद असल्यामुळे गनखाली क्षणात काळा पडतो. त्याची झेरॉक्स काढून लावावी. झेरॉक्सची किंवा लेझर प्रिंटरची शाईसुद्धा उष्णतेने मऊ होणारीच असते, म्हणून त्यावर पावडर वितळलेली असताना ब्रश किंवा सुरी फिरवू नये, नाहीतर अक्षरे फरफटतात. टिश्यू कागद आणि जुन्या वर्तमानपत्राचे कपटे सर्वांत चांगले वागतात.

थर सुटून येण्याचा दोष गुळगुळीत पृष्ठभागावर आणि वाकणाऱ्या आधारावर जास्त आढळतो. चकचकीत ॲक्रिलिकवर राळेला धरायला काही मिळत नाही. तो भाग वॉटर पेपरने (बारीक पॉलिश पेपरने) हलका खरखरीत करून घ्यावा. राळ थंड झाल्यावर ठिसूळ असते, त्यामुळे नुसत्या कागदावर तीन-चार थर दिले आणि कागद दमट हवेत पन्हळला, की थराला तडे जातात. कागद आधीच एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या) किंवा प्लायच्या फळीवर चिकटवून, तो गोंद पूर्ण सुकवून मग पावडरीचे काम करावे. फळी वापरली म्हणजे खालून उष्णता देता येत नाही, हा या उपायाचा तोटा आहे. म्हणून मी पहिला थर सुट्या कागदावर खालून उष्णता देऊन वितळवते, मग कागद फळीवर चिकटवते आणि बाकीचे थर वरून देते.

फोड आलेले चित्र लगेच टाकून देऊ नये. ते सिलिका जेलच्या डब्यात काही दिवस ठेवून, मग सौम्य उष्णतेने मागून सावकाश तापवावे आणि पावडर मऊ झाली की दाभणाने एकेक फोड टोचावा. उरलेल्या खड्ड्यांत बारीक पावडर भरून फक्त तेवढाच भाग पुन्हा वितळवावा. सगळेच खड्डे बुजवण्याच्या मागे मात्र लागू नये, कारण खऱ्या मेणाच्या थरातही टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे असतातच आणि अगदी निर्दोष पृष्ठभाग मेणापेक्षा लॅमिनेशनसारखा दिसतो.

मेणाचा भास बिघडवणारी शेवटची गोष्ट म्हणजे हीच प्लॅस्टिकी चकाकी. मेणाला मऊ झळाळी असते. पावडरीचा थर आरशासारखा चमकतो. थर पूर्ण थंड झाल्यावर १००० किंवा १२०० नंबरच्या वॉटर पेपरने, फार दाब न देता, गोलाकार घासावे आणि मग मऊ सुती कापडाने पुसून काढावे. अनेक जण यासाठी बारीक स्टील वूल (केसांसारख्या पोलादी तारांचा पुंजका) वापरतात, परंतु समुद्राच्या खाऱ्या हवेत त्याचे तुटलेले केस गंजतात आणि काही आठवड्यांनी चित्रावर तांबडे ठिपके उगवतात. रेषा कोरायच्या असल्यास थर किंचित कोमट करून सुई चालवावी. थंड थर कोरला तर कडा कपच्यांसारख्या उडतात. कोरलेल्या रेषांत तेलरंग भरून वरचा पुसून घेतला की मेणचित्राशी साम्य सर्वांत जास्त जाणवते.

काम करताना पंखा बंद ठेवावा लागतो, कारण तो पावडर उडवतो. पण तापलेल्या राळेचा आणि ॲक्रिलिकचा धूर बंद खोलीत घेणे चांगले नाही. पावसाने उघडीप दिली की खिडकी उघडी ठेवून काम करावे आणि सर सुरू झाली की गन बंद करावी.

पूर्ण झालेली चित्रे एकमेकांवर रचताना मध्ये सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंगचा कागद घालावा. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशव्यांना थर चिकटतो, विशेषतः उन्हात उभ्या असलेल्या गाडीत. भिंतीवर लावायचे असल्यास फळीच्या मागच्या बाजूला आणि चारही कडांना वॉर्निशचे दोन हात द्यावेत व कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून फळी भिंतीपासून सुटी ठेवावी. पश्चिमेकडच्या चिऱ्याच्या भिंतीला पाऊस थेट झोडपतो आणि ती ओल फळीच्या पाठीतून शिरून पुढच्या थराला उचलते. त्या भिंतीवर पावडरीचे काम पावसाळाभर लावूच नये.